घरी शिकणाऱ्या मुलाचं गणित कुठल्या इयत्तेपासून सुरू करावं?

आमच्या लेकीचं नाव शाळेतून काढलं तेव्हा तिची आठवी नुकतीच संपली होती आणि तिला १४ वर्षं पूर्ण झाली होती. जून महिना होता. मी फोंड्याच्या बाजारात गेले आणि नववीचं गणिताचं पुस्तक, त्याचं गाईड आणि दोन जाड वह्या घेऊन आले. मुलगी नववीची, तर पुस्तक नववीचं, एवढाच माझा हिशेब. दिवाळीपर्यंत आमच्या घरात रोज संध्याकाळी रडारड चालली. आधी ती रडायची, मग स्वयंपाकघरात जाऊन मी. नोव्हेंबरात एके दिवशी तिने १/२ + १/३ चं उत्तर २/५ असं लिहिलं, आणि माझ्या हातातला खडू थांबला. पाच महिने मी तिला बहुपदी शिकवत होते आणि तिला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. गाठ पाचवीत बसली होती, मी ती नववीत सोडवायला बसले होते.

गणितात मागे पडलेल्या १३ ते १६ वर्षांच्या मुलाला घरी शिकवायला घेतलेल्या गोव्यातल्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे. आम्ही जे पाच महिने वाया घालवले, ते तुमचे जाऊ नयेत.

सुरुवात करण्यापूर्वी एवढं जवळ ठेवा: एक कोरी शंभर पानी वही (फक्त नोंदींसाठी, ही तुमची, मुलाची नव्हे), चौकटींची वही, फूटपट्टी, मोजपट्टी, मुलाच्या जुन्या शाळेतल्या गणिताच्या वह्या आणि उत्तरपत्रिका मिळतील तेवढ्या, आणि इंटरनेट असलेला फोन. जुन्या वह्या रद्दीत घालू नका. मुलाचं कुठे अडलं हे त्याच वह्या सांगतात.

पायरी १: महिनाभर काहीही विकत घेऊ नका

जून आला की दुकानात पुस्तकांचे गठ्ठे लागतात, शेजारची काकू क्लासचा पत्ता देते, मोबाईलवर ॲपच्या जाहिराती सुरू होतात. थांबा. कुठल्या इयत्तेचं पुस्तक हवं हे अजून तुम्हाला ठाऊक नाही, आणि दुकानदाराला ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही.

पहिले दोन आठवडे वहीतलं गणित पूर्ण बंद ठेवा. वर्षानुवर्षं ‘ढ’ ऐकलेल्या मुलाचा हात कागद समोर आला की आखडतो, आणि आखडलेल्या हाताने सोडवलेल्या गणितावरून तुम्हाला काहीच कळणार नाही. या दिवसांत त्याला बाजारात न्या, सुट्टे पैसे त्याच्याकडे द्या, घरात काही मोजायचं असेल तर मोजपट्टी त्याच्या हाती द्या. शिकवू मात्र नका. फक्त बघा: कुठे पटकन सांगतो, कुठे नजर चुकवतो.

पायरी २: नक्की कुठे तुटलंय ते शोधा

या पायरीला घाई चालत नाही. आम्हाला आठ दिवस लागले, तुम्हाला पंधरा लागले तरी चालतील.

‘नववीची परीक्षा घेऊन बघू’ असं करू नका. नववीच्या प्रश्नपत्रिकेत २० गुण मिळाले म्हणजे काय येत नाही, हे त्यातून समजत नाही. त्याऐवजी खालून वर चढा. प्रत्येक पायरीवरचे पाच-पाच प्रश्न तुमच्या हाताने कागदावर लिहा. आम्ही वापरलेले काही इथे देते, उरलेले त्याच धर्तीवर तुम्ही करा.

तिसरी-चौथी: ५०३ − २६८. ४७ × ६. ९६ ÷ ४.
पाचवी: ३/४ आणि ५/८ यांत मोठा कुठला? ३६ चे सगळे विभाजक सांग. ६०७ × ३४.
सहावी: १/२ + १/३. ०.५ मोठा की ०.३५? −३ + ७ किती, आणि −३ − ७ किती?
सातवी: २४० चे १५ टक्के. ३५० रुपये दोघांत २:३ प्रमाणात वाट. २/३ ÷ ४/५.
आठवी: ३क्ष − ५ = १६. ५(क्ष + २) = ३क्ष + १८. २ चा घन गुणिले २ चा चौथा घात, हे २ चा कितवा घात?
नववी: क्ष वर्ग + ७क्ष + १२ चे अवयव पाड.

(मुलाच्या इंग्रजी पुस्तकात क्षच्या जागी एक्स असेल, कागदावर त्याला सवयीचं अक्षरच लिहा.)

दिवसाला दोनच पायऱ्या. घड्याळ लावू नका, कॅल्क्युलेटर देऊ नका. उत्तर चूक असलं तरी ‘चूक’ म्हणू नका, लाल पेन तर त्या खोलीतच नको. प्रत्येक उत्तरानंतर, बरोबर असलं तरीही, एकच प्रश्न विचारा: ‘कसं केलंस, मला सांग.’ आणि त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत तुमच्या वहीत उतरवून घ्या.

उत्तरापेक्षा हे सांगणं मोलाचं आहे. ५०३ − २६८ चं उत्तर कुणी ३६५ दिलं तर ते निष्काळजीपणाने आलेलं नाही. मूल प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतंय: पाचातून दोन, सहातून शून्य, आठातून तीन. शून्य असलेल्या घरातून उसनं कसं घ्यायचं ते कधी कळलंच नाही, म्हणून त्याने आपल्यापुरता नियम बनवला. ०.३५ हा ०.५ पेक्षा मोठा म्हणणारं मूल पस्तीस आणि पाच यांची तुलना करतंय, म्हणजे दशांश चिन्हापुढच्या घरांची किंमत त्याला माहीत नाही. ३क्ष + ४ म्हणजे ७क्ष असं लिहिणाऱ्याला क्ष ही एक संख्या आहे हे उमजलेलं नाही. या प्रत्येक चुकीमागे एक कारण असतं आणि प्रत्येक कारणाला एक इयत्ता असते.

माझ्या लेकीने २४० चे १५ टक्के बरोबर ३६ काढले. मी खूश झाले. मग विचारलं, ‘दहा टक्के किती?’ तिला सांगता येईना. तिने शाळेत पाठ केलेली रीत वापरली होती, वरचं गुणायचं आणि शंभराने भागायचं. शंभरातले पंधरा म्हणजे काय, याचं चित्र तिच्यापाशी नव्हतं. असं उत्तर मी बरोबर धरलं नाही, तुम्हीही धरू नका.

पाचपैकी चार बरोबर आणि कसं केलं ते सांगता आलं, तर ती पायरी पक्की. लागोपाठ दोन पायऱ्या हुकल्या की थांबा, वरचे कागद दाखवूसुद्धा नका. पहिली हुकलेली पायरी जी, तिच्या एक पायरी खालून सुरुवात करायची. पक्क्या पायरीवरून सुरू केल्याचा फायदा असा की पहिल्या आठवड्यात मुलाची उत्तरं बरोबर येतात. माझ्या लेकीला कित्येक वर्षांत पहिल्यांदा सलग दहा उत्तरं बरोबर आली, तेव्हा तिने वही बंद करून आजीला दाखवायला नेली.

एक गोष्ट लक्षात घ्या: सगळं गणित एकाच पायरीवर सापडेल असं समजू नका. संख्या, अपूर्णांक, बीजगणित आणि भूमिती अशा चार रकान्यांत नोंद ठेवा. आमच्याकडे भूमिती आठवीची होती, कारण तिला लहानपणापासून रांगोळीचे ठिपके आणि सममिती यांचा नाद. बेरीज-वजाबाकी-गुणाकार पक्के होते, अपूर्णांक पाचवीत अडकले होते आणि त्यामुळे बीजगणित जवळजवळ शून्य. म्हणजे ‘ही पाचवीची आहे’ असं म्हणणंही खोटं ठरलं असतं. तिची पातळी म्हणजे हे चार आकडे.

पायरी ३: भाषेचा अडसर वेगळा काढा

गोव्यातल्या पालकांनी ही पायरी चुकवूच नये. आपल्याकडची पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकतात आणि पाचवीला इंग्रजीत जातात. अपूर्णांकांचा खरा अभ्यास नेमका त्याच वयात सुरू होतो. एकाच जूनमध्ये अंश-छेदाचे न्यूमरेटर-डिनॉमिनेटर होतात, लसाविचा एलसीएम होतो, आणि जे मूल कालपर्यंत वर्गात हात वर करत होतं ते गप्प बसायला लागतं. शिक्षकांना वाटतं गणित कच्चं. पुष्कळदा कच्ची असते ती भाषा.

तपासायची रीत सोपी आहे. इंग्रजीत लिहिलेला जो प्रश्न हुकला, तोच दोन दिवसांनी घरच्या बोलीत तोंडी विचारा. माझ्या लेकीला थ्री बाय फोर इन्टू ३२० असं कागदावर दिलं तर ती पेन चावत बसायची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी विचारलं, ‘बांगडे ३२० रुपये किलो, पाऊण किलोचे किती?’ तर पिशवी उघडता उघडता म्हणाली, २४०. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द आपल्या मुलांच्या कानावर जन्मापासून असतात. हा अपूर्णांकांचा तयार पाया आहे, फक्त त्याची गाठ ३/४ या चिन्हाशी कुणी घालून दिलेली नसते. ती गाठ तुम्ही घाला. आम्ही भिंतीवर तीन रकान्यांचा कागद चिकटवला: बोलण्यातला शब्द, चिन्ह, इंग्रजी शब्द. पाऊण, ३/४, थ्री फोर्थ्स. घरात कोकणी बोलत असाल तर पहिला रकाना कोकणीत लिहा.

शाब्दिक उदाहरणांत आणखी एक खाच आहे. ‘क्षपेक्षा ५ ने कमी’ हे मराठीत ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने लिहितो: क्ष − ५. इंग्रजीत ‘फाइव्ह लेस दॅन एक्स’ म्हणतात, तिथे पाच आधी ऐकू येतो आणि मुलं ५ − क्ष लिहून मोकळी होतात. ‘ऑफ’ म्हणजे तिथे गुणाकार, हेही कुणी सांगितलेलं नसतं. असे शब्द वेगळे काढून आठवडाभर त्यांचाच सराव घ्या. मराठीत विचारल्यावर दहातली सहा-सात उत्तरं सुटत असतील तर तुमचं मूल तुम्हाला वाटतं त्यापेक्षा वरच्या पायरीवर आहे.

पायरी ४: जायचं कुठे आहे ते ठरवा

सुरुवातीची पायरी कळली, आता शेवटची ठरवायची. दोन्ही टोकं हातात आली की मधलं अंतर मोजता येतं.

घरी शिकणाऱ्या बहुतेकांचा मार्ग राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून जातो. तिथल्या दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात. प्रमाणपत्रासाठी पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात, त्यांत किमान एक भाषा. एकदा नोंदणी केली की ती ५ वर्षं चालते, या काळात सार्वजनिक परीक्षेच्या ९ संधी मिळतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि उत्तीर्ण होण्यासाठी ३३ टक्के लागतात. पाचही विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नाही. जेवढे सुटतील तेवढ्यांचे गुण जमा राहतात.

गणित तिथे सक्तीचं नाही. हे ऐकून आमच्या घरी सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता. पण थांबा, लगेच गणित सोडून देऊ नका. पुढे तांत्रिक पदविकेकडे जायचं असेल, म्हणजे पणजी, मये किंवा कुडचडेच्या शासकीय तंत्रनिकेतनात, तर दहावीचं गणित लागतं. आयटीआयच्या बऱ्याच व्यवसायांचंही तेच. १४ व्या वर्षी मुलाने ‘मला गणित नको’ म्हटलं, तरी ते त्याच्या पाच महिन्यांच्या रडण्यातून आलेलं असू शकतं.

आम्ही काय केलं ते सांगते. एनआयओएसला पाचावर आणखी दोनपर्यंत विषय जास्तीचे घेता येतात. आम्ही गणित सहावा विषय म्हणून घेतलं. बाकीचे पाच सुटले की प्रमाणपत्र हातात, आणि गणिताला ५ वर्षांतली जेवढी लागेल तेवढी सवड. परीक्षेच्या तारखेचं दडपण उतरल्यावर तिच्या वहीतल्या खाडाखोडी निम्म्यावर आल्या, हे मी स्वतः पाहिलं. गणित पाचांतच घ्यायचं असेल तर निदान ते सर्वांत शेवटच्या परीक्षेला ठेवा.

एनआयओएसच्या दहावीच्या गणितात बीजगणित, व्यावहारिक गणित, भूमिती, महत्त्वमापन, त्रिकोणमिती आणि सांख्यिकी असे भाग आहेत. व्यावहारिक गणितात शेकडेवारी, नफा-तोटा, व्याज येतं. अपूर्णांक पक्के झालेल्या मुलाला इथे गुण मिळवता येतात.

दुसरे रस्ते थोडक्यात. मुलाला पुन्हा सीबीएसईच्या शाळेत घालायचा विचार असेल तर तिथे २०२० च्या परीक्षेपासून दहावीला गणिताच्या दोन पातळ्या आहेत, बेसिक आणि स्टँडर्ड. अभ्यासक्रम एकच, प्रश्नपत्रिकेची काठिण्यपातळी वेगळी. बेसिक घेणाऱ्याला अकरावीत गणिताबाबत काय मुभा आहे, ते त्या वर्षीच्या परिपत्रकात वाचूनच निवड करा. केंब्रिजच्या आयजीसीएसई या दहावीच्या पातळीच्या परीक्षेत गणिताचे कोअर आणि एक्स्टेंडेड असे भाग आहेत. कोअरमध्ये कितीही चांगला पेपर लिहिला तरी सी श्रेणीच्या वर जाता येत नाही, हे आधी माहीत असू द्या. वय १४ पेक्षा कमी असेल किंवा आठवीचं प्रमाणपत्र हवं असेल तर एनआयओएसचाच मुक्त मूलभूत शिक्षण कार्यक्रम आहे: त्यातला अ स्तर तिसरीशी, ब पाचवीशी आणि क आठवीशी समकक्ष.

पायरी ५: आता पुस्तक निवडा

इयत्तेचा अख्खा संच घेऊ नका. तुम्हाला पाचवीतला एक धडा, सहावीतले चार आणि सातवीतले तीन लागणार आहेत. एनसीईआरटीची पुस्तकं आणि महाराष्ट्राच्या बालभारतीची पुस्तकं दोन्ही इंटरनेटवर फुकट उतरवून घेता येतात. लागेल तो धडा छापा, पंच मारा, फाईल करा. त्या फाईलवर इयत्ता लिहू नका. १४ वर्षांच्या मुलीच्या हातात ‘इयत्ता पाचवी’ छापलेलं पुस्तक ठेवलं आणि तेवढ्यात चुलतभावंडं आली, तर काय होतं ते आम्ही भोगलंय. त्यानंतर आमच्या फाईलवर फक्त ‘भाग १’, ‘भाग २’ असं लिहिलेलं असतं.

संकल्पना समजावायला मला बालभारतीचं मराठी पुस्तक फार कामी आलं. मी स्वतः मराठीतून शिकलेली, त्यामुळे मसावि, शतमान, गुणोत्तर मला त्या भाषेत चटकन समजावता येतं. सराव मात्र एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकातून, कारण पुढे त्याच शब्दांशी गाठ आहे. एनआयओएसची दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. पण नंतर गोव्यात अकरावी किंवा पदविका इंग्रजीतूनच करायची असेल, तर इंग्रजी शब्द आतापासून सोबत चालू द्या.

एक सावधगिरी. एनसीईआरटीची पुस्तकं बदलत आहेत, सहावीचं नवं ‘गणित प्रकाश’ २०२४ मध्ये आलं. जुन्या आणि नव्या पुस्तकांत धड्यांचा क्रम सारखा नाही, त्यामुळे कुणी ‘सहावीचा सातवा धडा करा’ म्हटलं तर धड्याचं नाव विचारून घ्या.

गाईड नको. गाईडात उत्तर शेजारीच असतं, आणि खचलेलं मूल पहिल्यांदा तिकडे बघतं. ॲप घ्यायचंच असेल तर एकच घ्या आणि तीन महिने बदलू नका. आम्ही दोन महिन्यांत तीन बदलली. प्रत्येकाने तिला पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू करायला लावलं.

पायरी ६: लागेल तेवढंच शिकवा, पण क्रमाने

मागच्या चार इयत्ता पूर्ण करायच्या म्हणजे चार वर्षं जातील, असं वाटून पालक घाबरतात आणि पुन्हा नववीचं पुस्तक उघडतात. तेवढा वेळ लागत नाही. १४ वर्षांच्या मुलाची समज दहा वर्षांच्या मुलापेक्षा मोठी असते, आणि प्रत्येक इयत्तेतले सगळे धडे पुढच्या कामाला लागतातच असंही नाही. रोमन अंक, स्तंभालेख, दिनदर्शिका हे तूर्त सोडा.

कणा एवढाच आहे, आणि याचा क्रम बदलू नका: स्थानिक किंमत आणि चार मूलभूत क्रिया, विभाजक आणि मसावि-लसावि, अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर आणि शेकडेवारी, ऋण संख्या, बैजिक राशी, एका चलातलं समीकरण. हे झालं की नववी-दहावीचं बीजगणित उघडा. भूमिती याच्या समांतर, आठवड्यातून एक दिवस, मुलाच्या त्या रकान्यातल्या पायरीवरून.

सर्वांत जास्त वेळ अपूर्णांकांना द्या. आम्ही नोव्हेंबर ते जानेवारी, पूर्ण तीन महिने दिले. घाई करावीशी वाटेल, करू नका. अपूर्णांक मोडके असले तर पुढे गुणोत्तर मोडतं, शेकडेवारी मोडते आणि समीकरण सोडवताना क्षला भागायची वेळ आली की सगळंच मोडतं. भाकरीचे तुकडे, घडी घातलेला कागद, चौकटींच्या वहीत रंगवलेल्या पट्ट्या, जे हाताशी येईल ते वापरा. भागाकार चित्राने पटेपर्यंत ‘उलटा करून गुणा’ हे सांगू नका. पाऊण लिटर दुधात पाव लिटरचे पेले किती भरतील, हे आधी भरून दाखवा.

दशांशाला आमच्या कुळागराने, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेने, मदत केली. माझ्या सासऱ्यांनी सांगितलं की दोन माडांत ७.५ मीटर अंतर ठेवायचं. मग प्रश्न निघाला, एका माडाला जागा किती? ७.५ × ७.५ म्हणजे ५६.२५ चौरस मीटर. एका हेक्टरात माड किती? १०,००० ÷ ५६.२५, म्हणजे सुमारे १७७. तिने ते दोन दिवस घेऊन सोडवलं, आणि मग आजोबांबरोबर जाऊन आपल्या बागेतली अंतरं मोजून आली. काही माड फार जवळ लावलेत असा शेराही मारला. दुसरीकडून घेतलेल्या शंभर गणितांनी जे झालं नसतं ते या एका गणिताने झालं. तुमच्याकडे कुळागर नसेल तर कुंपणाला लागणारे चिरे मोजा, फेरीबोटीचं वेळापत्रक घ्या, चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान घ्या.

रोज ४० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, शक्यतो सकाळी. पहिली १० मिनिटं काल-परवाची उजळणी, मग २० मिनिटं नवं, शेवटची १० मिनिटं असं काहीतरी जे त्याला नक्की येतं. दिवस बरोबर उत्तरावर संपू द्या. पाढे कच्चे असतील तर त्यासाठी गणित थांबवू नका, पाढ्यांचा तक्ता समोर ठेवा. वापरता वापरता निम्मे पाठ होतात.

पायरी ७: वर-खाली करायची वेळ ओळखा

दर सहा आठवड्यांनी पायरी २ मधलेच कागद, आकडे बदलून, पुन्हा द्या. वहीत तारीख घालून उत्तरं जपा.

पातळी खाली आणायची लक्षणं: रोज चुका होतायत आणि त्या दरवेळी वेगळ्या आहेत, मूल उत्तर लिहिण्याआधी तुमच्या चेहऱ्याकडे बघतं, गणिताच्या वेळी पोटात दुखायला लागतं. अशा वेळी एक पायरी मागे जा, दोन नको. वर न्यायची लक्षणं: लागोपाठ तीन दिवस तुमची मदत लागली नाही, किंवा त्याने स्वतःची चूक स्वतः पकडली. दुसरं लक्षण मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

वयावरून दडपण आणणाऱ्या नातेवाइकांना काय सांगायचं ते आधीच ठरवून ठेवा. मी एवढंच म्हणते, ‘तिचा अभ्यास चालू आहे आणि नीट चालू आहे.’ इयत्ता सांगत नाही.

पायरी ८: कारण वेगळं असेल तर

तीन महिने योग्य पायरीवर, शांतपणे शिकवूनही काही गोष्टी जागच्या हलत नसतील तर तपासणी करून घ्या. ७ आणि ९ मध्ये मोठा कुठला हे मोजल्याशिवाय सांगता न येणं, आठ अधिक पाच अजूनही बोटांवर मोजणं, घड्याळ आणि सुट्टे पैसे कायम गोंधळात टाकणं, आज पक्कं झालेलं उद्या पार पुसलं जाणं. ही डिस्कॅल्क्युलियाची म्हणजे गणनअक्षमतेची लक्षणं असू शकतात. ती आळसाची नव्हेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत चौकशी करा, जुन्या वह्या सोबत न्या. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ आणि इतर सवलती मिळू शकतात, पण त्यासाठीचा अर्ज नोंदणीच्या वेळीच करावा लागतो. म्हणून ही तपासणी शेवटच्या वर्षावर ढकलू नका.

पायरी ९: नोंदणी

कागदपत्रं ही: जन्मदाखला, आधार कार्ड, राहण्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचा फोटो आणि सही (दोन्ही स्कॅन केलेले), शाळा सोडल्याचा दाखला किंवा आठवीचं गुणपत्रक, लागू असेल तर जातीचं आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र. शाळेचा दाखला नसेल तर दहावीला पुरेसा अभ्यास झाला आहे असं स्वयंघोषणापत्र चालतं. तरीही दाखला घेऊनच बाहेर पडा. आम्ही तो नंतर आणू म्हणून सोडला आणि मग तीन खेपा घालाव्या लागल्या. नावाचं इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखल्यावर आणि आधारवर एकच आहे ना ते आजच बघा. गोव्यातल्या आडनावांची स्पेलिंगं कागदागणिक बदलतात, आणि दुरुस्तीला महिने जातात.

अर्ज ऑनलाइन असतो. तारखा दरवर्षी बदलतात, त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा. सायबर कॅफेवाल्याकडून अर्ज भरून घेतला तर मोबाईल नंबर आणि ईमेल तुमचाच घाला, पासवर्ड लिहून ठेवा. विषयांच्या यादीत गणिताचा कोड २११ आहे, तो पावतीवर तपासा. नोंदणीनंतर टीएमए नावाचे गृहपाठ येतात, त्यांना २० टक्के भार असतो. कच्च्या मुलासाठी हे गुण फार मोलाचे, आणि पुष्कळ जण ते जमा करायची तारीखच चुकवतात.

परीक्षेआधी दोन महिने मुलाला तीन तास एका जागी बसून लिहायची सवय लावा. घरी ते जमत नाही, दारावरची बेल वाजते, पाव विकणारा पोदेर येतो. आम्ही महिन्यातून दोनदा कदंबाच्या बसने पणजीला जातो. बसस्थानकापासून पाटोवरचं कृष्णदास शामा ग्रंथालय चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे. ती एका टेबलाशी जुनी प्रश्नपत्रिका सोडवते, मी दुसऱ्या टेबलाशी वाचत बसते. मागच्या खेपेला तिने पेपर संपवून माझ्यासमोर ठेवला आणि चौथ्या प्रश्नावर बोट ठेवून म्हणाली, ‘इथे मी छेद सारखे करायला विसरले होते, मग परत केलं.’